गाडी आदल्या संध्याकाळी सुरू होते

हिवाळ्यात लेहच्या वर्कशॉपमध्ये आमचं महत्त्वाचं काम दुपारी तीननंतर सुरू व्हायचं. ऊन डोंगराआड गेलं की हवा बघता बघता बदलते. वर गेलेले टिपर, पाण्याचे टँकर, बर्फ हटवणारी यंत्रं वाहून नेणारे ट्रेलर एकेक करून यार्डात यायचे. इंजिन अजून गरम असतं, तेल पातळ असतं, डिझेल वाहतं असतं, नटबोल्ट पान्याला दाद देतात. हे दोन तास मेकॅनिकचे. पुढे पारा उणे पंधरा-वीसपर्यंत उतरला की जे राहिलं ते राहिलं. सकाळी ड्रायव्हर किल्ली फिरवतो, तेव्हा गाडी उठणार की नाही याचा निकाल आदल्या संध्याकाळीच लागलेला असतो. ही एक गोष्ट लडाखने मला शिकवली आणि पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी तीच आधी शिकवली.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे गाडीचे शत्रू दोन, ऊन आणि फुफाटा. रेडिएटर उकळतो, एअर फिल्टर मातीने भरतो, टायर तापून फुटतो. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालो आणि ग्रेफमध्ये लागलो. ग्रेफ म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, 1960 साली उभ्या राहिलेल्या सीमा रस्ते संघटनेचं मनुष्यबळ. त्याचं केंद्र आपल्या पुण्याजवळ दिघीला आहे, हे पुण्यातही फार जणांना ठाऊक नसतं. दिघीत गाडी उघडायला आणि जोडायला शिकलो. थंडीत ती जिवंत ठेवायला मात्र लडाखमध्ये शिकलो, प्रोजेक्ट हिमांकमध्ये. 1985 पासून लडाखमधल्या रस्त्यांचं काम हिमांक बघते आणि त्यातला सगळ्यांत अवघड हिवाळा असतो खार्दुंग लावर.

लेहहून 39 किलोमीटर, उंची 17,582 फूट. पलीकडे नुब्रा खोरं आणि त्याच्याही पुढे सियाचेनचा बेस कॅम्प. त्यामुळे हा घाट ‘बर्फ पडलाय, एप्रिलमध्ये बघू’ म्हणून सोडून देता येत नाही. डोझर आणि स्नो कटर रोज वर जातात. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेवर ते पेटतं. हवा विरळ, त्यात गारठलेली आणि बॅटरी दमल्यामुळे इंजिन फिरतंय हळू. मग दाबलेली हवा पेटण्याइतकी तापतच नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, सेल्फ घुरघुरतो आणि हळूहळू गप्प होतो. अरुंद वळणावर असा एक टिपर अडला की मागची सगळी रांग अडते. इंजिन बंद पडलं की केबिनमधली ऊबही बंद पडते. उणे वीसमध्ये, निम्म्या हवेत, हिमकडा कधी सुटेल याचा भरवसा नसताना माणसं तिथे ताटकळतात. गाडीची आगाऊ देखभाल हा शब्द वर्गात ऐकला तेव्हा कोरडा वाटला होता. घाटातल्या नॉर्थ पुल्लू ठाण्याच्या वरच्या त्या वळणांवर त्याचा अर्थ कळतो.

हिवाळ्याची तयारी आम्ही जूनमध्ये सुरू करायचो. त्या काळी श्रीनगरकडचा झोजी ला घाट नोव्हेंबर-डिसेंबरात बंद झाला की उघडायला एप्रिल, कधी मे उजाडायचा. मनालीकडचा रस्ताही बंद. म्हणजे मार्चमध्ये लागणारा फॅन बेल्ट सप्टेंबरात स्टोअरमध्ये असला पाहिजे. कूलंटचे पिंप, हिवाळी इंजिन ऑइल, फिल्टर, बॅटऱ्या, टायरच्या चेन, होज पाईप, क्लॅम्प, अगदी रेडिएटरच्या झाकणाची रबरंसुद्धा. विमानाने येईल ते येईल, पण त्याच्या भरवशावर कुणी मागणीपत्र लिहीत नाही. अलीकडे चित्र बदललंय. 2023 साली झोजी ला 68 दिवसांत, 16 मार्चला उघडला आणि त्यानंतरच्या वर्षांत बंदचा काळ आणखी कमी झाला. ऐकणाऱ्याला वाटतं, मेकॅनिकचं काम हलकं झालं. उलट रस्ता जितका जास्त दिवस उघडा, तितकी यंत्रं भर थंडीत जास्त चालतात आणि आमच्या संध्याकाळी तितक्याच भरतात.

सगळ्यांत जास्त त्रास डिझेलने दिला. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. गारठ्यात त्याचे बारीक कण धरू लागतात आणि आधी डिझेल गढूळ दिसतं. मग ते कण फिल्टरच्या कागदावर साचून वाट अडवतात आणि शेवटी टाकीतलं डिझेल पौषातल्या तुपासारखं थिजतं. आपल्या साध्या डिझेलच्या मानकात ते कुठवर ओतण्याजोगं राहिलं पाहिजे याची मर्यादा हिवाळ्यासाठी 3 अंश आणि उन्हाळ्यासाठी 15 अंश सेल्सिअस आहे. उणे नव्हे, अधिक. मैदानात कुणाला ते जाणवत नाही. पण खालून टाकी गच्च भरून नोव्हेंबरात वर आलेला ट्रक पहिल्याच रात्री लेहच्या बाहेर उभा राहायचा, आणि ड्रायव्हरला वाटायचं पंप गेला. पंप शाबूत असायचा, त्याच्यापर्यंत डिझेलच पोचत नसायचं.

मग सुरू व्हायची शेकोटी. टाकीखाली लाकडं, ऑइल सम्पखाली भडकता स्टोव्ह, चिंध्या डिझेलमध्ये भिजवून पेटवलेल्या. घाटातले खाजगी ट्रकवाले हे वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि त्यांना मी दोष देत नाही, दुसरा इलाज त्यांच्या हातात नव्हता. पण आमच्या यार्डात मी ते कधी होऊ दिलं नाही. एकदा असाच एक ट्रकवाला गरम पाणी मागायला आमच्याकडे आला. पाणी घेऊन मी सोबत गेलो, वाकून खाली पाहिलं तर आगीने ब्रेकचा रबरी पाईप एका बाजूने जळून पापुद्र्यासारखा झाला होता. इंजिन सुरू झालं असतं, तो आनंदाने निघाला असता आणि पहिल्या उताराला पाईप फुटला असता. तो ट्रक आम्ही दिवसभर जागचा हलू दिला नाही, पाईप बदलूनच सोडला. फिल्टरभोवती फडकं गुंडाळून त्यावर सोसवेल इतकं गरम पाणी ओतायचं, गाडीभोवती ताडपत्री बांधायची, उन्हाची वाट पाहायची. सुरक्षित रस्ता एवढाच. सकाळी त्याला तीन तास लागतात. आदल्या संध्याकाळी तेच काम अर्ध्या तासाचं असतं.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं हा दुसरा जुना उपाय. त्याने डिझेल उशिरा थिजतं हे खरं. पण इंजेक्शन पंपाचे आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात आणि रॉकेलमध्ये ते वंगण फार कमी. थोड्या मिसळीने जुने पंप तग धरायचे. कॉमन रेलची नवी इंजिनं आली तेव्हा मी हे साफ बंद करायला लावलं. 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीतून लडाखसाठी हिवाळी डिझेल पाठवायला सुरुवात केली. उणे 33 अंशांपर्यंत ते वाहतं राहतं. बाहेरच्या जगात त्याची बातमी एका दिवसाची होती. आमच्यासाठी त्या एका टँकरने किती शेकोट्या विझवल्या असतील, ते यार्डात उभं राहिलेल्या माणसालाच समजेल.

चांगलं डिझेल आलं म्हणून संध्याकाळचं काम मात्र सुटलं नाही. गाडी परत आली की टाकी पूर्ण भरायची. अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा. त्या हवेतला ओलावा रात्री पत्र्यावर पाणी होऊन खाली उतरतो. फिल्टरखालचा बाऊल उघडून पाणी काढून टाकायचं. चमचाभर असतं, पण तेवढंच गोठून खडा झालं की बारीक वाट बंद करायला पुरतं. ड्रायव्हर थकलेला असतो, त्याला ‘सकाळी भरू’ म्हणावंसं वाटतं. त्या क्षणी त्याच्या मागे लागणं हे मेकॅनिकचं काम आहे असं मी मानतो. पाना चालवणं त्याच्यानंतर येतं.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिच्याबाबत शिकलेली माणसंही फसतात. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवायला दुप्पट ताकद लागते. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं, की पूर्ण चार्ज बॅटरीतलं अॅसिड उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे दहाच्या आसपास गोठतं. प्लेटा वाकतात, कवच तडकतं. म्हणजे बॅटरीला थंडी मारत नाही, तिचं उपाशी राहणं मारतं. त्यात आणखी एक फसगत. अॅसिडचा दाटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरचं प्रमाण 27 अंशांचं असतं. गारठलेलं अॅसिड दाट होतं, त्यामुळे उणे वीसला काटा खऱ्यापेक्षा तीस-पस्तीस अंकांनी वर दाखवतो. 1230 दिसलं की पोरगा खूश होतो, खरं असतं 1195 च्या जवळ. म्हणून मोजणी संध्याकाळी, बॅटरीत दिवसाची ऊब असतानाच करायची आणि त्यातही तापमानाचा हिशोब धरायचा. मी भिंतीवर खडूने तक्ताच लिहून ठेवला होता.

रात्री बॅटऱ्या काढून आत न्यायच्या. प्रत्येकीवर गाडीचा नंबर. चोवीस व्होल्टच्या गाडीला दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असतात. जोडी फोडली, एक नवी एक जुनी लावली, की नवी जुनीच्या पायी मरते. म्हणून जोडीने काढायच्या, जोडीनेच लावायच्या. ठेवायच्या कुठे, हाही प्रश्नच. लडाखमध्ये ऊब म्हणजे बुखारी, खोलीतली पेटती शेगडी, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बुखारीच्या खोलीत चार्जर लावलेला दिसला तर मी आवाज चढवायचो, समोर कोण आहे हे न पाहता. आम्ही बुखारीच्या शेजारची खोली निवडली. मधली भिंत तापायची आणि तेवढी ऊब बॅटऱ्यांना पुरायची. वरच्या कोपऱ्यातला झरोका कायम उघडा.

कूलंटचं गणित सोपं आहे, पण त्यात उत्साह नडतो. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी, तर मिश्रण उणे 36-37 पर्यंत गोठत नाही. नवख्याला वाटतं, निम्म्याने इतकं तर नुसतं ग्लायकॉल घातलं तर किती! नुसतं ग्लायकॉल उणे 13 लाच गोठतं. दोघं मिसळल्यावरच एकमेकांना गोठू देत नाहीत. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बिडाच्या ब्लॉकला तेवढी जागा देता येत नाही. जुन्या गाड्यांत नुसतं पाणी असायचं, तेव्हा रात्री रेडिएटर रिकामा करून सकाळी कोमट पाणी भरायची रीत होती. ब्लॉकच्या खालच्या खोबणीत ओंजळभर पाणी राहून गेलं तरी दुसऱ्या दिवशी बाजूने ओल दिसायची. मग वेल्डिंग, मग खाली पाठवणं, मग वसंतापर्यंत एक गाडी कमी.

आणि वर उकळण्याचीही भीती असते, हे मैदानातल्या माणसाला पटत नाही. खार्दुंग लावर पाणी 82-83 अंशांलाच उकळतं. इंजिन त्याहून जास्त तापतं. मध्ये फक्त रेडिएटरच्या झाकणाचा दाब उभा असतो. थंडी आहे म्हणून रेडिएटरपुढे कॅनव्हासचा पडदा बांधायचा आणि चढाला लागताना तो अर्धा उघडायचा. झाकणाचं रबर चिरलं असेल आणि पडदा बंद राहिला तर उणे पंधरातही गाडी उकळते. स्टोअरमध्ये रबरांची पुडी मी जपून ठेवायचो ती यासाठी.

इंजिन ऑइलबद्दल लांबण नको. डब्यावरच्या डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघायचा. 15 चं तेल थंडीत इंजिन फिरू देतं की नाही ही परीक्षा उणे 20 ला घेतात, 5 च्या तेलाची उणे 30 ला. ऑक्टोबर संपायच्या आत बदल करून टाकायचा. टायरची हवा गारठ्यात कमी भरते, तीही गार टायरमध्येच मोजायची.

ब्रेकपाशी मात्र मी थांबतो. एअर ब्रेकची हवा कॉम्प्रेसर बाहेरूनच ओढतो, आणि हवेबरोबर ओलावाही. तो टाकीच्या तळाशी पाणी होऊन बसतो. संध्याकाळी चाकांना लाकडी ठोकळे लावून टाकीखालचा कॉक उघडला की आधी पांढरट, तेलकट पाणी उडतं, मग कोरडी हवा. कोरडी हवा येईपर्यंत कॉक बंद करायचा नाही. हे पाणी राहिलं तर रात्री व्हॉल्व्हमध्ये बर्फ होतं आणि सकाळी टाकीत भरपूर हवा असूनही ती ब्रेकपर्यंत पोचत नाही. मीटर मात्र सगळं ठीक दाखवतो. घाट उतरताना कळतं ते कळण्यासारखं नाही. म्हणून या एका कामात मी ड्रायव्हरच्या शब्दावर कधी विसंबलो नाही, माझ्यासमोर कॉक उघडला गेला पाहिजे. त्यावरून राग धरणारेही भेटले. हँडब्रेकचंही तसंच. नाला ओलांडून आलेल्या गाडीचा ओला लायनर ड्रमला चिकटून गोठतो. म्हणून रात्री हँडब्रेक सैल, गाडी गिअरमध्ये आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.

हे सगळं करतात हात. तिथल्या कामगारांतले पुष्कळजण झारखंडच्या दुमका भागातून येतात. उष्ण मुलखातली माणसं, माझ्यासारखीच. त्यांना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगायच्या. उघड्या हाताने लोखंडाला धरायचं नाही, कातडी चिकटून निघते. आणि डिझेल किंवा रॉकेल हातावर सांडू द्यायचं नाही. उणे वीसला पाणी दगड झालेलं असतं, पण रॉकेल पातळच राहतं, तितकंच गार. ते कातडीवर पडलं की हिमदंश मिनिटांत होतो. भिजलेला हातमोजा ताबडतोब काढायचा, मग काम अर्धवट राहिलं तरी चालेल. मोज्यांची कोरडी जोडी मागणाऱ्याला कधीही परत पाठवायचं नाही, ही माझी स्टोअरला ताकीद होती. गाडीची देखभाल म्हणताना आपण माणसाचे हात विसरतो. बोटं सुन्न झालेला मेकॅनिक क्लॅम्प नीट आवळूच शकत नाही, आणि आवळला की नाही हे त्याला कळतही नाही.

ड्रायव्हरांमध्ये नुब्र्याचा एक वयस्क लडाखी होता. यार्डात आला की तो इंजिन लगेच बंद करायचा नाही. दोन-तीन मिनिटं मंद चालू ठेवायचा, टर्बो निवायला, आणि तेवढ्या वेळात मला दिवसभराचं सगळं सांगायचा. कुठल्या चढाला धूर काळा झाला, कुठल्या वळणावर स्टिअरिंग जड लागलं, उजव्या चाकातून कसला आवाज आला. तपासणीचा छापील फॉर्म आमच्याकडे होता, तो भरायलाच लागायचा आणि भरावाच. पण त्या तीन मिनिटांत जे मिळायचं त्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी नव्या मेकॅनिकांना त्याच्या शेजारी उभं करायचो. ड्रायव्हर आला की आधी चहा द्यायचा, विचारायचं आणि ऐकायचं, बॉनेट नंतर उघडायचं. जिथे मेकॅनिक आणि ड्रायव्हर एकमेकांवर दोष ढकलतात, त्या वर्कशॉपच्या गाड्या हिवाळ्यात बंद पडतात. हे मी खात्रीने सांगू शकतो.

आता मी गावी असतो. पण जानेवारी आला की फोन वाजू लागतात. पुण्या-मुंबईची पोरं हल्ली आपल्या गाड्या घेऊन थेट बर्फात जातात. गेल्या हिवाळ्यात पुतण्या डिझेलची गाडी काढून सिमल्याच्या बाजूने स्पितीला निघाला. निघण्याआधी गाडी घेऊन माझ्याकडे आला, याचं मला बरं वाटलं. बॅटरी जुनी होती, बदलायला लावली. कूलंटमध्ये गॅरेजवाल्याने नळाचं पाणी वाढवलं होतं, ते काढून पुन्हा भरलं. मेण धरू न देणारं औषध डिझेल गरम असतानाच, खालीच घालायचं, थिजल्यावर त्याचा उपयोग नाही, हे समजावलं. नव्या डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करणारं अॅडब्लू असतं, ते उणे 11 लाच गोठतं, गाडी ते स्वतः वितळवते, पण त्याची टाकी काठोकाठ भरू नकोस म्हणालो. चेन त्याने विकत घेतल्या होत्या, पण लावून पाहिल्या नव्हत्या. अंगणात, उन्हात, त्याच्याकडून लावून आणि काढून घेतल्या. बर्फात, अंधारात, पहिल्यांदा पाकीट फोडणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

काझाला पोचल्यावर त्याचा फोन आला.

“काका, मस्त पोचलो. गाडी एकदम ओके.”

“डिझेल भरलंस?”

“अर्धी टाकी आहे. सकाळी भरतो ना, आता फार गारठलंय.”

“आत्ता जा. हिवाळी डिझेल आहे का विचार, असेल तर फुल भर. परत आलास की तोंड उगवतीकडे करून लाव गाडी, सकाळचं ऊन इंजिनावर पडेल. गिअरमध्ये टाक, चाकाला दगड लाव आणि हँडब्रेक ओढू नकोस.”

“वायपर?”

“वर उचलून ठेव. आणि जाताना मोजे घाल.”